रूडीने दिलेली तीन पाती

गुरुवारी दुपारी रूडी कांतोला आर्वोच्या स्वयंपाकघरात आला, टेबलावर एक पुडकं ठेवलं आणि म्हणाला, "घे. तुझ्यासाठी आणलंय."

आर्वो सालमेलाने पुडक्याकडे बघितलंच नाही. त्याने आधी रूडीच्या मागे दाराकडे बघितलं. कोणी साक्षीदार बरोबर आणलाय का, ते. रूडी त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. चव्वेचाळीस वर्षांच्या नात्यात रूडीने त्याला दोनच गोष्टी दिल्या होत्या: एकदा शिडी, जी तो चार दिवसांनी परत घेऊन गेला, आणि एकदा फ्लू, जो घेऊन गेला नाही.

"काय आहे?"

"उघडून बघ की. चावत नाही."

"पण का आणलंस?"

"माणसाने माणसाला काही आणू नये का?"

"माणसाने आणावं. तू का आणलंस?"

रूडीने ओट्यावरची कॉफी स्वतःच ओतून घेतली, ताटलीतल्या वेलदोड्याच्या पावाचा शेवटचा तुकडा उचलला आणि तो खात खातच निघून गेला. एवढं मात्र नेहमीसारखं झालं.

पुडक्यात बाणाच्या टोकाला बसवायची तीन पाती होती. नवी, करडी, दोन धारांची, आणि धार अशी की आर्वोने अंगठा लांबूनच फिरवला. ती बघून तो जास्तच अस्वस्थ झाला, कारण पाती उत्तम होती. नेमकी त्याला हवी होती तशी. गेले तीन आठवडे तो याच टेबलावर बरण्यांच्या झाकणांत चार प्रकारची पाती मांडून बसला होता आणि त्याचं एकावरही मन बसत नव्हतं. रूडीला ते कसं कळलं?

कळायला अवघड नव्हतं, कारण या गोष्टीवाचून आर्वो दुसरं काही बोलतच नव्हता. डिसेंबरात त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं: यानंतर धनुष्य नाही; भिंतीवर लावायचं असेल तर लावा, तेसुद्धा दुसऱ्याकडून लावून घ्या. म्हणजे येता ऑक्टोबर हा शेवटचा. एकाहत्तराव्या वर्षी आर्वोला एकच गोष्ट हवी होती: एक हरीण, एक बाण, आणि तो बाण नीट लागलेला. खांदा धड होता तेव्हा तो पंचावन्न पौंडांचं धनुष्य ओढायचा. आता बेचाळीसच्या वर खांद्याचा आवाज कानात यायला लागे. एवढ्याशा ओढीला त्याची जुनी तीन धारांची टोकं म्हणजे मांजराने दार ढकलण्यातला प्रकार. बाण अर्धा शिरणार, हरीण दलदलीत पळणार, सापडणार नाही. आणि त्यांच्या शिकारी कॅम्पचा नियम सासऱ्यांच्या वेळेपासून भिंतीवर लिहिलेला होता: हरीण जखमी करून गमावलं, तर त्याच दिवशी धनुष्य खुंटीला. मोसम संपला. आर्वोच्या बाबतीत सगळेच मोसम संपले.

तेव्हा पातं निवडणं हे साधं काम नव्हतं. आणि ते रूडीने निवडावं, हे तर मुळीच साधं नव्हतं.

कारण मधे मचाण होतं. दलदलीच्या तोंडाशी, देवदारांच्या ओळीत, सगळ्या तालुक्यातली हरणं जिथून रस्ता ओलांडतात तिथे सासऱ्यांनी बांधलेलं मचाण. म्हाताऱ्याने मरताना ते पोटच्या मुलाला, म्हणजे रूडीला, दिलं नाही, जावयाला दिलं. मुलगा त्याच्यावर दोनदा झोपलेला सापडला होता. नियम असा की ज्याचं मचाण त्याला हरीण मिळेपर्यंत किंवा मोसम संपेपर्यंत त्याचं, मग दुसऱ्याचं. आर्वोचं धनुष्य पहिल्याच आठवड्यात खुंटीला लागलं, तर राहिलेला ऑक्टोबर आणि अर्धा नोव्हेंबर मचाणावर कोण बसणार, हे काढायला गणित लागत नव्हतं.

आर्वोने एकतीस वर्षं हायस्कूलच्या कार्यशाळेत पोरांना लाकूड आणि लोखंड शिकवलं होतं. दरवर्षी मापाची हत्यारं जितकी वाटली त्याहून कमी परत येत. त्यामुळे माणसाकडे बघताना आधी त्याच्या खिशाकडे बघायची सवय त्याला जडली होती. पोरांना तो एकच गोष्ट घोकून घ्यायचा: कागदावर काय लिहिलंय ते मला सांगू नका, वस्तू मोजा.

त्याने पाती मोजली. काडतुसं भरायच्या नाजूक काट्यावर तिन्ही दोनशे ग्रेन, म्हणजे तेरा ग्रॅम, भरली, केसाचाही फरक नाही. इतका सारखेपणा त्याला आवडला नाही. काचेवर उभी करून फिरवली; डगमगली नाहीत. हेही आवडलं नाही. मग त्याने भिंग घेतलं, आणि चौथ्या मिनिटाला त्याला हवं ते सापडलं.

धार एकाच अंगाने घासलेली होती, सुताराच्या पटाशीसारखी. ते ठीक. असं पातं हाडात शिरताना गिरमिटासारखं फिरतं आणि हाड उकलतं. कमी ओढीच्या धनुष्याला हेच हवं. पण फिरतं कुठल्या दिशेला, ते धार कुठल्या अंगाने घासली आहे त्यावर ठरतं, आणि मागची पिसं बाणाला ज्या दिशेने फिरवतात तीच ती दिशा असावी लागते. उजवी पिसं तर उजवी धार. उलट झालं तर पिसं एकीकडे ओढतात, पातं दुसरीकडे, आणि बाण दोन मेहुण्यांसारखा जागच्या जागी अडतो.

पाती डाव्या धारेची होती. आर्वोची पिसं उजवी.

त्याने खात्री करून घेतली. फळीवरून जुनी वही काढली, पान उलटलं. त्याच्याच अक्षरात होतं: १२ मे १९९१, पिसं चिकटवायचा साचा, उजवा, एक. त्या साच्यावर त्याच्या बायकोने, आइलीने, तेव्हापासून त्याचा प्रत्येक बाण बांधला होता. टर्कीची पिसं, तीन एका बाणाला, रेशमी दोऱ्याचा वेढा. आइलीला जाऊन दोन वर्षं झाली. तिने बांधलेले नऊ बाण भात्यात उरले होते.

आर्वोने वही मिटली. त्याला अनेक महिन्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तो गावातल्या दुकानात गेला. डोरीन तिथे गल्ल्यावर असते. गळ, बंदुका, बूट, बाण सगळं तीच विकते. तीस वर्षांपूर्वी ती आर्वोच्या वर्गात पक्ष्यांचं घरटं करायला शिकली होती आणि अजून त्याला बघून सरळ उभी राहते.

"मिस्टर सालमेला. खांदा कसा आहे?"

"रूडीने इथून पाती नेली?"

"नेली असतील."

"असतील की नेली?"

डोरीनने पावतीपुस्तक आवरायला घेतलं, जे आधीच आवरलेलं होतं. "हे बघा, मला त्यात घेऊ नका."

"कशात?"

"जे काय असेल त्यात."

आर्वो काही न बोलता उभा राहिला. वर्गात तो असाच उभा राहायचा. पाचव्या मिनिटाला कोणी ना कोणी खिशातून पेचकस काढून टेबलावर ठेवायचा. डोरीनला तीन मिनिटं पुरली.

"गेल्या शुक्रवारी नेली त्यांनी. उजवी धार. सोमवारी परत आले, म्हणाले ही घे, डावी दे. मी म्हटलं, रूडी, तुम्ही तर उजवीच वापरता. म्हणाले, माझ्यासाठी नाहीत, आर्वोसाठी आहेत, आणि त्याला सांगू नकोस."

"त्याला सांगू नकोस म्हणाला?"

"तुम्ही माझ्याकडून काही ऐकलं नाही, मिस्टर सालमेला."

"एकदा उजवी घेऊन, मुद्दाम परत येऊन डावी नेली."

"मुद्दाम असं मी म्हटलं नाही."

"मी म्हटलं. आता मला त्याच वजनाची उजवी तीन दे."

घरी जाताना तो ट्रक इतका सावकाश चालवत होता की मागच्या लाकडाच्या ट्रकवाल्याने दोनदा भोंगा वाजवला. आर्वोच्या डोक्यात मात्र सगळं झरझर जुळत होतं. चूक असती तर समजलं असतं. पण आधी घेतलेली बरोबर वस्तू परत देऊन चुकीची आणणं, याला तालुक्यात एकच कारण होतं, आणि ते मचाण.

शनिवारी रूडी सौनाला, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या खोलीत अंघोळीला, येणार होता. दर शनिवारी येतो; त्याच्या घरचा सौना गेल्या वसंतात जळला, आणि तो बांधण्यापेक्षा आर्वोचा वापरणं त्याला सोपं वाटतं. तोवर पुरावा तयार असावा, म्हणून आर्वोने सकाळी शेडमागे मांडणी केली. मागे फोमचा ठोकळा. त्यावर गेल्या वर्षीच्या हरणाच्या खांद्याची दोन्ही हाडं शेजारी शेजारी तारेने बांधलेली. आर्वो काही टाकत नाही. अंतर दहा पावलं. एका बाणाला डोरीनकडचं उजवं पातं डिंक तापवून बसवलं, दुसऱ्याला रूडीचं डावं. मध्ये स्टुलावर वही. वहीत दोन रकाने, एकाला नाव 'बरोबर', दुसऱ्याला 'रूडी'.

आधी बरोबर. खांदा कुरकुरला, दोरी सुटली, खाडकन आवाज झाला. हाडाला तडा गेला होता आणि बाण त्यात अर्ध्यावर रुतून थरथरत होता. ठीक आहे, आर्वो म्हणाला. हाड जुनं आहे, वाळलेलं आहे.

मग रूडी. या वेळी आवाज झालाच नाही. बाण हाडातून आरपार जाऊन ठोकळ्यात पिसांपर्यंत बुडाला होता. हाडात इंग्रजी एससारखी वळलेली स्वच्छ चीर. आर्वो तिच्याजवळ जाऊन बराच वेळ उभा राहिला. रूडीचा डाव किती खोल असावा याला काही मर्यादा हवी.

त्याने हाडांची अदलाबदल केली. पुन्हा मारले. बरोबर पुन्हा रुतलं; रूडी पुन्हा पार गेलं. त्याने काटा तपासला, वारा तपासला, ठोकळा उलटा केला. डोरीनने मुद्दाम बोथट पाती दिली की काय, तीही यात सामील आहे की काय, याचा विचार केला. मग स्टुलावर बसून खांदा दाबत त्याने हाडांच्या मूळ मालकावरही थोडा संशय घेतला.

"हाडं फोडून सूप करणार आहेस की काय?" रूडी मागे उभा होता. एका खांद्यावर टॉवेल, हातात स्वतःच्या घरची पास्टी, मांस-बटाटा भरलेली भाजकी करंजी, एकच, स्वतःपुरती.

"बस," आर्वो म्हणाला. "तुझ्याशी बोलायचंय."

"सौना तापलाय ना?"

"तापलाय. आधी सांग, डोरीनकडून उजवी नेऊन डावी का बदलून आणलीस?"

रूडीने पास्टीचा घास घेतला. "तिला म्हटलं होतं सांगू नकोस."

"म्हणजे कबूल आहे."

"कबूल काय त्यात? दुकानात हाताला येतील ती उचलली, माझ्या बाणांना लागतात तसली. घरी आल्यावर लक्षात आलं. शनिवारी तुझ्या सौनाच्या पुढच्या खोलीत भाता टांगलेला होता, तिथे बघून घेतलं आणि सोमवारी बदलली."

"काय बघून घेतलंस?"

"पिसं. तुझी पिसं डावी आहेत."

"उजवी आहेत."

"कोण म्हणतं?"

"वही म्हणते." आर्वोने वही पुढे केली. "बारा मे एक्याण्णव. साचा, उजवा, एक."

रूडीने वही बघितली, त्यावर पास्टीचा चुरा सांडला, तो झटकला. "मागवलास उजवा. आला कुठला?"

आर्वोने वही पुन्हा स्वतःकडे ओढली.

"तू एकतीस वर्षं पोरांचे कान खाल्लेस, मोजा म्हणून. तो बाण समोर रुतलाय. जाऊन बघ ना."

आर्वो गेला नाही. तो शेडमध्ये गेला. वरच्या फळीवर आइलीची लाकडी पेटी होती. तिच्यावरची धूळ तो दर महिन्याला पुसायचा, पण झाकण त्याने दोन वर्षांत उघडलं नव्हतं. आता उघडलं. रेशमी दोऱ्याची रिळं, सुकलेला डिंक, आणि साचा. साच्याच्या दांड्यावर विजेच्या तारांना लावतात तसली काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती त्याने हजारदा बघितली होती. कुठे तडकलं असेल म्हणून लावली, असं धरून चालला होता. नखाने टोक उचलून त्याने ती सोडवली. खाली पोलादात ठोकलेलं अक्षर होतं: इंग्रजी एल, लेफ्टचा, म्हणजे डावा. पेटीच्या तळाशी पिसांचं एक न उघडलेलं पाकीट होतं. त्यावर छापलं होतं: डावी, दोन डझन.

रूडी दारात उभा राहून खात होता. "कंपनीने चुकून डावा पाठवला. खोकं मीच उघडलं होतं. आइली म्हणाली, आर्वोला कळलं तर तो कंपनीला पत्र लिहील, मग कंपनीच्या साहेबाला, मग टपालखात्याला. मोसम येईल आणि जाईल, बाण काही होणार नाहीत. म्हणून तिने पट्टी लावली आणि तेव्हापासून पिसं डावी मागवायला लागली. उडायला काय, दोन्ही सारखीच. तुझ्या जुन्या टोकांना कुठे डावं-उजवं होतं?"

"आणि तू मला तेहतीस वर्षं सांगितलं नाहीस."

"तिने शपथ घातली होती. शिवाय तू विचारलं नाहीस."

आर्वोने मनातल्या मनात मोजलं. सहा पत्रं झाली असती. फार तर सात. टपालखात्याला त्याने नक्कीच लिहिलं असतं.

त्याने साचा हातात फिरवला. एकतीस वर्षं ही बाई त्याच्या समोर टेबलाशी बसून बाण बांधत होती, तो शेजारी बसून बाकीच्या जगावर लक्ष ठेवत होता, आणि जगातली एकमेव फसवणूक त्या टेबलावर चालू होती. त्याला राग यायला हवा होता. त्याने थोडा वेळ वाट बघितली. आला नाही.

"आणि मचाण?" त्याने विचारलं.

"मचाणाचं काय?"

"तुला ते नको आहे?"

"हवं आहे की," रूडी म्हणाला. "म्हणून तर पाती आणली. तुझ्या त्या जुन्या तीन धारांच्या टोकांनी तू एक हरीण बिघडवणार, आम्ही दोन दिवस गुडघाभर चिखलात रक्ताचे थेंब शोधणार, आणि मग तू खाटेवर बसून सगळ्या कॅम्पला छळणार. नाहीतर भीतीने बाणच सोडणार नाहीस आणि नोव्हेंबरपर्यंत वर बसून राहशील. त्यापेक्षा पहिल्या आठवड्यात एक नीट मार आणि खाली उतर. पुढचे पाच आठवडे मी बसतो."

आर्वोच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. मेहुणा उगाच चांगला वागला असता, तर त्याला काय करावं ते सुचलं नसतं.

"हे गुरुवारीच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तू विश्वास ठेवला असतास?"

"नाही."

"मग? चल, सौना निवेल."

ऑक्टोबरच्या चौथ्या दिवशी सकाळी आर्वो मचाणावर होता. शिडीची सहावी पायरी त्याने नेहमीप्रमाणे टाळली होती. ती अकरा वर्षांपूर्वी एका बाजूने कुजली, तेव्हा त्याने ती बदलली नाही आणि कोणाला सांगितलीही नाही. त्याच्या मते कुलपापेक्षा ती स्वस्त होती. पायाखाली देवदारांतून धुकं सरकत होतं. दोरीवर आइलीचा बाण होता, डाव्या पिसांचा, टोकाला रूडीचं डावं पातं.

नर एकटाच आला. सहा टोकांची शिंगं, मान जाड. चौदा पावलांवर तो थांबला आणि दलदलीकडे तोंड करून कान फिरवायला लागला. त्याच्या संशयी स्वभावाबद्दल आर्वोला आदर वाटला. त्याने धनुष्य ओढलं. खांद्यात काहीतरी फाटत गेल्यासारखं झालं आणि त्याने ते फाटू दिलं. डिसेंबर लांब होता. बाण सुटला.

नर उडाला, तीस पावलं पळाला, उभा राहिला, मग गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला. बाण त्याच्या पलीकडे मातीत रुतलेला होता, दांड्यापासून पिसांपर्यंत लाल. आर्वो बसूनच राहिला. हरीण पुरतं निपचित पडेपर्यंत मचाणावर बसायची सासऱ्यांची पद्धत होती.

तो खाली उतरला तोवर रूडी देवदारांतून बाहेर येत होता. खांद्यावर दोर, हातात थर्मास.

"तू कुठून आलास?"

"कॅम्पवरून."

"कॅम्प इथून वीस मिनिटांवर आहे. बाण सोडून दहाही झाली नाहीत."

"कॉफी पी."

"म्हणजे तू पहाटेपासून इथे दबा धरून बसला होतास."

"मला थंडी वाजत होती. पितोस की मी पिऊ?"

आर्वोने कॉफी घेतली. रूडी हरणाजवळ गेला, दोन्ही बाजूंची भोकं बोटाने तपासली आणि काही बोलला नाही. रूडीकडून एवढं प्रमाणपत्र म्हणजे पुष्कळ. मग आर्वोने मातीतला बाण उपटला, गवताने पुसला. पिसं ओली झाली होती, पण दोऱ्याचा एक वेढाही सुटला नव्हता. त्याने तो भात्यात इतर आठांपासून वेगळा, उलटा ठेवला.

"झालं?" रूडीने विचारलं.

"झालं."

रूडीने दोर खाली टाकला आणि हरीण तसंच सोडून शिडीकडे निघाला. "बघून येतो जरा. त्या दोन झोपांनंतर म्हाताऱ्याने मला परत वर चढू दिलं नाही, आणि मग तू दरवर्षी शेवटच्या दिवसापर्यंत वर."

त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्या. आर्वोने कॉफीचा घोट घेतला, तो तोंडात फिरवला. तिसऱ्या.

"रूडी."

"काय?"

"सहाव्या पायरीवर पाय देऊ नकोस. कुजलीय. सरळ सातवीवर टाक."

रूडी पाचव्या पायरीपर्यंत गेला आणि थांबला. त्याने सहावीकडे बघितलं, सातवीकडे बघितलं, मग मान वळवून खाली आर्वोकडे बघितलं.

"हे तू मला का सांगतोयस?" तो म्हणाला.